नाफडे काका बसायला येतात

सुरुवातीलाच माफी मागतो. कोणावर असं लिहिण्याचा मला अधिकार नाही. मराठी शाळेत मी सातवीपर्यंतच होतो, सोलापुरात. मग बाबांना इथे, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावी, एका हॉटेलात आचाऱ्याचं काम मिळालं आणि आम्ही सगळे आलो. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं तपासून द्यायलाही घरात कोणी नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. पण नाफडे काकांबद्दल कोणीतरी लिहायला हवं, आणि ज्यांना नीट लिहिता येतं ते सगळे त्यांना घाबरून असतात.

घाबरतात, कारण नाफडे काका ज्याच्या घरी बसतात तो माणूस अध्यक्ष झाल्याशिवाय काका तिथून उठत नाहीत.

आमच्या मराठी मंडळाचं अध्यक्षपद कोणालाच नको असतं. गणपतीला हॉल मिळवा, ढोलांच्या आवाजाबद्दल शेजाऱ्यांची समजूत घाला, आणि दिवाळीत श्रीखंड कमी पडलं की शिव्याही तुम्हीच खा. म्हणून नव्या वर्षाच्या तोंडावर काका बाहेर पडतात. एखाद्याच्या दारात बूट काढतात, सोफ्याचा कोपरा धरतात. यजमान विचारतो, "काय काम काढलंत, काका?"

"काम कसलं? बसायला आलोय."

आणि खरंच बसतात. अध्यक्षपदाचा शब्द काढत नाहीत. चहा होतो, परत चहा होतो, जेवणाची वेळ होते. शेवटी यजमानच म्हणतो, "काका, या वर्षी मी होतो अध्यक्ष."

"घाई नाही," काका म्हणतात आणि बूट शोधायला लागतात.

"अरे, जेवले, बातम्या पाहिल्या, आमच्या आर्याला अपूर्णांक शिकवले," शुभदा काकू मला सांगत होत्या. त्या मंडळाच्या माजी अध्यक्ष. "आता हे पांघरूण मागतात की काय, या भीतीने मी हो म्हटलं!"

असे हे काका माझ्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवतात. मूळचे अमरावतीचे. बायको गेल्यापासून एकटेच राहतात, मुलगी सिएटलला असते. माझी त्यांची ओळख मात्र वर्गात झाली नाही. ती झाली फुटबॉलच्या कोचमुळे.

इथला फुटबॉल हाताने खेळतात, हे तुम्हाला माहीत असेलच. आमच्या कॉलेजची टीम तो हाताने, पायाने, कसाही खेळली तरी हरते. मागच्या सीझनच्या मध्येच कोच सोडून गेले. विश्वस्तांनी सांगून टाकलं, हिवाळा संपायच्या आत चांगला कोच आणा, नाहीतर टीम बंद. माझा रूममेट डॅरियस या टीममध्ये आहे. त्याच्याही घरातून कॉलेजला आलेला तोच पहिला, आणि तो आला फुटबॉलच्या स्कॉलरशिपवर. टीम गेली की तोही परत जाणार होता. त्याने रडगाणं गायलं नाही. फक्त नवीन चादरी घ्यायच्या होत्या, त्या कॅन्सल केल्या.

नवा कोच शोधायला कमिटी नेमली. क्रीडा विभागाच्या प्रमुख बार्बरा, ट्रक विकून श्रीमंत झालेले एक माजी विद्यार्थी, प्राध्यापकांतर्फे नाफडे काका आणि विद्यार्थ्यांतर्फे मी. मला का घेतलं ते मला कळलं नाही. काकांना का घेतलं ते कोणालाच कळलं नाही.

"सर, तुम्हाला फुटबॉलचे नियम माहीत आहेत?" ट्रकवाल्यांनी विचारलं.

"नाही. पंचांना माहीत आहेत ना?"

मुलाखती सुरू झाल्या. येणारा प्रत्येक कोच स्लाइड्स दाखवायचा. काका डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचे. "मॅच हरल्यावर परतीच्या बसमध्ये तुम्ही कुठे बसता?" एकाने सांगितलं, पुढे. एकाने सांगितलं, जिथे इंटरनेट नीट चालतं तिथे. एक म्हणाला, मी माझी गाडी घेऊन जातो. "छान गाडी असेल," काका म्हणाले आणि त्याच्या नावावर काट मारली. जे दोघे इतरांना पसंत पडले, त्यांनी आमचा स्कोअर पाहून स्वतःच माघार घेतली.

मी खोलीवर येऊन डॅरियसला गंमत म्हणून तो प्रश्न सांगितला. तो हसला नाही. म्हणाला, "आमचे शाळेतले कोच हॅरल्ड. ज्याच्या हातून बॉल सुटला असेल त्याच्या शेजारी बसायचे. काही बोलायचे नाहीत. सँडविच अर्धं करून द्यायचे."

पुढच्या मीटिंगमध्ये मी घाबरत घाबरत हे नाव घेतलं. हॅरल्ड रिटायर होऊन डोंगराकडच्या एका गावात राहत होते. बार्बराने फोन केला, त्यांनी नाही म्हटलं. तिने परत केला, त्यांनी परत नाही म्हटलं.

"फोनवर कोणी हो म्हणतं का?" काका मला बाहेर गाठून म्हणाले. "रविवारी काय करतोयस, प्रतिनिधी? ड्राइव्ह करशील?" काका मला नावाने कधीच हाक मारत नाहीत.

वाटेत गाडीत त्यांच्या मुलीचा फोन आला. कुठे निघालो आहोत ते ऐकून ती ओरडली, "डॅड! यू कान्ट जस्ट शो अप!"

"गाडी बोगद्यात शिरतेय," काका म्हणाले आणि फोन ठेवला. बोगदा नव्हता.

हॅरल्डनी दार अर्धंच उघडलं. उंच, वाकलेला माणूस, हातांना ग्रीस. "मी आधीच चर्चला जातो," आम्हाला दारोदार फिरणारे प्रचारक नाहीतर विक्रेते समजून ते म्हणाले, "आणि छपरावर मला सोलर पॅनेल नको आहेत."

"आम्ही काही विकत नाही. बसायला आलोय," काका इंग्रजीत म्हणाले. इंग्रजीत ते वाक्य फारच विचित्र वाटलं.

"कशासाठी?"

"असंच."

मला वाटलं, आता हा माणूस पोलीस बोलावणार. पण त्यांनी काकांच्या बुटांकडे पाहिलं. बाहेर दहिवर पडलेलं असूनही ते काकांनी आधीच काढले होते. मग ते म्हणाले, "गॅरेजमध्ये हीटर आहे."

गॅरेजमध्ये गावभरातल्या लोकांची गवत कापायची मशीनं दुरुस्तीला आलेली. काका एका बादलीवर बसले. थोड्या वेळाने त्यांनी टॉर्च धरला, मग बाह्या वर केल्या आणि मग दोघं मिळून एका इंजिनात डोकं घालून भांडायला लागले. फुटबॉलचा शब्द निघाला नाही. निघताना हॅरल्ड म्हणाले, "सी यू संडे."

आम्ही पुढच्या रविवारी गेलो. त्याच्या पुढच्याही. टोमॅटोची रोपं, गुडघेदुखी, डोंगरातले रस्ते, सगळं बोलून झालं. एकदा तर हॅरल्डनी आधीच दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. इकडे विश्वस्तांची बैठक दोन आठवड्यांवर आली. डॅरियसने बॅगा पलंगाखालून बाहेर काढल्या होत्या. मला राहवेना.

"काका, आता विचारा ना!" परत येताना मी म्हणालो.

"घाई नाही."

"घाई आहे, काका! डॅरियस घरी जाईल. तुम्ही गप्पा मारताय आणि तो बॅगा भरतोय!"

मोठ्या माणसाशी मी आयुष्यात असा बोललो नव्हतो. मी लगेच सॉरी म्हटलं. काका खिडकीकडे वळले.

"मंडळाचे इतके अध्यक्ष केले मी," ते म्हणाले. "एकदा हो म्हटलं की माणसं मला दारापर्यंत सोडायला येतात. खुशीत येतात. पण 'परत या' असं कोणी म्हणत नाही. बरोबरच आहे त्यांचं, काम झालेलं असतं. इथे कामाशिवाय कोणाकडे जायचं कसं, हे मला अजून जमलेलं नाही रे. हा माणूस मला दर वेळी रविवारी ये म्हणतो. त्याला विचारलं की तो हो म्हणणार, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मी उगाच वायपर चालू केले.

पुढच्या रविवारी काकांनी विचारलं. हातातला पाना खाली ठेवून, सरळ. डॅरियसबद्दलही सांगितलं. हॅरल्ड म्हणाले, "विचार करतो." निघताना त्या दिवशी पहिल्यांदाच ते रविवारचं काही बोलले नाहीत.

आठवडाभर काहीच कळलं नाही. बैठकीच्या आदल्या दुपारी मी लायब्ररीत होतो तेव्हा बार्बराचा फोन आला. मी तिथून पळत इंजिनिअरिंगच्या इमारतीत गेलो. काका पेपर तपासत होते.

"काका, हो म्हणाले! डॅरियस राहणार!"

"छान झालं," काका म्हणाले. "त्याला सांगितलंस का? आधी त्याला सांगायचं." आणि पुढचा पेपर ओढला. त्यांना खरंच आनंद झाला होता, पण तो दुसऱ्या कोणासाठी तरी झाला होता.

"अजून एक आहे," मी म्हणालो. "कॉलेजने त्यांना स्टेडियमजवळचं मोठं घर देऊ केलं. त्यांना ते नको आहे. प्रोफेसरच्या गल्लीत काही भाड्याने मिळेल का, असं त्यांनी बार्बराला विचारलंय."

काकांनी पेन खाली ठेवलं. टोपण लावायला विसरले.

"आमच्या गल्लीत सोमवारी सकाळीच कचरा उचलतात," ते म्हणाले. "आदल्या संध्याकाळी डबा बाहेर ठेवावा लागतो. हे त्याला कोणीतरी सांगायला हवं." आणि पेपरांच्या ढिगाखाली फोन शोधायला लागले.