वाट बघणारा ड्रॅगन

रत्नपालनं काढलेली राणी पुण्याहून पुन्हा परत आली.

जवळा बाजार गावात त्याचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस असो की निवड, फोटो द्या, तासाभरात माणूस गळ्यात हार घालून ढगात उभा! पण फ्लेक्सचं आयुष्य ते केवढं? आठवड्यात चौकातून उतरतो आणि कुणाच्या तरी सोयाबीनच्या ढिगावर जाऊन पडतो. आपलं एखादं चित्र पुस्तकावर छापून यावं, कुणी ते कपाटात जपून ठेवावं, ही त्याची जुनी हौस. म्हणून पुण्याच्या एका छोट्या प्रकाशनानं खेळाच्या पुस्तकाची चित्रं त्याच्याकडे दिली, तेव्हा स्वारी हरखून गेली. खेळ असा की, पाच-सहा जणांनी गोल बसायचं, कुणी योद्धा व्हायचं, कुणी चेटकीण, आणि फासे टाकत सगळ्यांनी मिळून एक गोष्ट रचायची. मुखपृष्ठावर संतापलेली राणी हवी होती, शेजारी राक्षस आणि मागे ड्रॅगन.

"दादा, चित्र सुंदर आहे हो," संपादक साक्षी फोनवर म्हणाली, "पण राज्यावर शत्रू चालून आलाय आणि तुमची राणी कुणाची तरी वाट बघतेय!"

"राक्षस तरी बराबर हाय ना, मॅडम?"

"तोही वाटच बघतोय. ड्रॅगनसुद्धा. शुक्रवारपर्यंत जमलं नाही, तर मुखपृष्ठ दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं लागेल."

दोष हाताचा नव्हता. रत्नपालची बायको शीतल कोल्हापूरच्या एका दवाखान्यात नर्स होती. नोकरी कायमची, रजा मात्र सणासुदीलाही मिळायची मारामार. त्याला तिची फार आठवण येत होती, एवढंच. चहाचं आधण अजून दोघांचं पडायचं, आणि कुठलीही बाई काढायला घेतली की ती एसटीच्या खिडकीतून मागे बघणारी शीतल व्हायची.

नातवाच्या फ्लेक्ससाठी येऊन बसलेल्या उत्तमरावांना त्याची दया आली. "काहून तोंड पाडून बसला रे?"

"राणीला राग येऊन न्हाई राहिला, मामा."

"मंग बायकोला राग आण की! फोन लाव, तोंड दिसंल असा. भडकली की फोटो मार अन् बघून काढ."

शीतल डबा खात होती. रत्नपालनं खडा टाकून पाहिला. "तुझी भाजी लई खारट असती."

"म्हणून तर ताट चाटूनपुसून ठेवता!" ती खळखळून हसली. ते हसू बघून तो काय करत होता, तेच विसरला. उत्तमरावांनी कोपर मारलं, तेव्हा कुठे भानावर आला, आणि फ्लेक्सवाल्यालाच सुचेल असं बोलून बसला. "तुझ्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावलाय चौकात. 'चाळिशीत पदार्पण'!"

"काय? अवो, मी छत्तीसची..." आणि रेंज गेली. फोटोत आली एक भुवई आणि एक कानातलं.

"एका भुवईवर राणी व्हती का?" उत्तमराव म्हणाले. "राग जरा पिकू दे." आणि त्यांनी गावाच्या ग्रुपवर शीतलताईंना चाळिशीच्या शुभेच्छा टाकूनही दिल्या. रत्नपाल 'नको नको' म्हणेपर्यंत हात जोडलेल्या शुभेच्छांची रांग लागली. डोंगरकडा गावाहून सासूबाईंनी लेकीला फोन करून विचारलं, "बाई, माझाच हिशेब चुकला का गं?" कुणीतरी स्टेटस ठेवलं, ते दवाखान्यात पोचलं. संध्याकाळी शीतलचा फोन बंद झाला. आता राणी तर गेलीच, बायकोही गेली, या विचारानं रत्नपालनं वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

शुक्रवारी सकाळी दुकानाच्या दारात शीतल उभी. खांद्याला बॅग, डोळ्यांत जाळ.

"कुठाय तो फ्लेक्स? रजा टाकून आले मी फाडाया!"

"लावलाच न्हाई गं."

"सबंध दवाखान्यानं केक कापला! चाळीसचा! पेशंटनीसुद्धा टाळ्या वाजवल्या!"

"हालू नको. तशीच उभी राहा."

त्याचा हात सपासप चालला. नाकपुड्या, भुवया, आवळलेले ओठ, काही शोधावं लागलं नाही. हा माणूस आपल्याला काढून राहिला, हे लक्षात येताच शीतल तणतणत आत आली आणि स्क्रीनसमोर थबकली. शेजारी जुनी चित्रं उघडी होती. रस्त्याकडे डोळे लावून बसलेली राणी. गदा बाजूला ठेवून बसलेला राक्षस. डोंगरावर मान टाकून पडलेला ड्रॅगन.

तिनं एकेक चित्र जवळ जाऊन पाहिलं.

"हे सगळे कवापासून असे बसलेत?"

"तू गेल्यापासून."

शीतलनं बॅग खाली ठेवली. "जेवलाव का?" तिनं विचारलं आणि उत्तर न ऐकताच दुकानामागच्या घरात गेली.

दुपारी रत्नपालनं राक्षसावर आणि ड्रॅगनवर नव्यानं हात फिरवला आणि चित्र पाठवून दिलं. लगेच साक्षीचा फोन आला. "दादा, राणी काय जमलीय! मुखपृष्ठ तुमचंच. राक्षसही झकास. फक्त तो ड्रॅगन... हसतोय का हो?"

रत्नपालनं निरखून पाहिलं. हसत होता खरा. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"सोमवारपर्यंत दम धरा, मॅडम," तो हळूच म्हणाला. "कोल्हापूरची गाडी गेली की हसायचा थांबतोय तो आपोआप."