उपाशीपोटी तीनशे बारा

टुंग!

लॉजच्या खोलीत इतका वेळ सगळे श्वास रोखून बसले होते. साखर मोजायचं मशीन वाजलं, तशी सून पुढे वाकली. आकडा तिने दोनदा वाचला.

"तीनशे बारा."

सासूबाईंचा कंगवा केसांतच थांबला. "उपाशीपोटी?"

"उपाशीपोटी."

दोघींनी सासऱ्यांकडे पाहिलं. ते जुने घड्याळजी. जन्मभर दुसऱ्यांच्या घड्याळातला बिघाड शोधला, आता पलंगावर स्वतःच उघडून ठेवल्यासारखे बसले होते.

"अहो, खरं सांगा. काल काय खाल्लंत?"

"तुमच्यासमोरच तर खाल्लं! सूप आणि काकडी."

ते खरंच होतं. काल हॉटेलात सुनेने सूपबद्दल इतकं खोदून खोदून विचारलं, की वेटरने शेवटी आचाऱ्यालाच आणून टेबलाशी उभं केलं होतं.

"आणि हात धुवायला म्हणून वीस मिनिटं गायब होतात ते?"

"तिथलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं."

"म्हणून वीस मिनिटं?"

"चालू करून आलो ना!"

"आजोबा, साखर चढते म्हणजे कुठपर्यंत चढते?" सहा वर्षांच्या नातीने मधेच विचारलं. आजोबा तिला उगाच चौकशीबाई म्हणत नसत. "डोक्यापर्यंत आली की बाहेरून दिसते का?"

डॉक्टरांनी कागदावर लिहूनच दिलं होतं : तीनशेच्या वर गेली तर भटकंती बंद, सरळ घरी. आणि आज तर बोटीने दीपगृह बघायला जायचं होतं. तिथला दिवा फिरवणारं जुनं यंत्र म्हणजे माणसाएवढं घड्याळच, असं आजोबा वर्षभर नातीला सांगत आले होते.

"मशीन बिघडलंय," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाची तरी बघा."

सून नुकतीच आंघोळ करून आली होती. तिने स्वतःचं बोट पुढे केलं. शहाण्णव. मशीन ठणठणीत होतं.

पायांत चढवलेले मोजे सासऱ्यांनी काढले, नीट घडी केली आणि बॅगेत ठेवले. ते बघून सुनेला भरून आलं. तेही तिने कपड्यांबरोबर बॅगेत कोंबलं आणि चेन ओढायला घेतली.

चौकशीबाईने आजोबांचा हात धरला. "टोचलं तिथे दुखतंय?" मग तिने नाक जवळ नेलं. "आजोबा, तुमचं बोट चिकट आहे. माझ्या संत्र्याचा वास येतोय!"

चेन अर्ध्यावर थांबली.

"कुठलं संत्रं गं?"

"सकाळी मला भूक लागली, तेव्हा तुम्ही दोघी झोपला होतात. मग आजोबांनी सोलून दिलं. त्यांनी एकसुद्धा फोड नाही खाल्ली. मी मोजल्या होत्या."

"बाबा, तपासायच्या आधी हात धुतले होते का?"

सासऱ्यांनी बोटाकडे भिंगातून बघावं तसं पाहिलं. "राहिलंच की!"

साबण, पाणी, कोरडा टॉवेल, दुसरं बोट. टुंग! एकशे अठरा.

"आता माफी कोण मागणार?" मोजे परत चढवत सासऱ्यांनी विचारलं. सासूबाई लगबगीने पाण्याची बाटली भरायला गेल्या.

सून उत्साहाने पर्स आवरू लागली. गोळ्या, मशीन, आणि तो छोटा डबा. औषध घेतल्यावर जेवायला उशीर झाला आणि बाबांची साखर फारच कमी झाली, तर लगेच तोंडात टाकायच्या चॉकलेटच्या गोळ्यांचा. या डब्याला कुणीही हात लावायचा नाही, हा तिचाच कडक नियम.

बाटली भरून आलेल्या सासूबाईंनी डबा घेऊन कानाशी हलवला. उघडला. आत नुसते चुरगळलेले कागद.

"अहो! म्हणजे हे तुमचं—"

"मी शिवलोसुद्धा नाही!"

"आजोबांना नका ना ओरडू," चौकशीबाई म्हणाली. "आई खाते त्या. दुपारी, मी झोपल्यावर. मी एक डोळा उघडा ठेवते." मग ती काळजीने आईच्या जवळ सरकली आणि तिचं बोट हातात घेतलं.

"आई, तुझी साखर रोज दुपारी कमी होते का गं?"