ॲस्पेंडॉसमधली कुजबूज

क्वेकर्स हिल या उपनगरातल्या नचिकेतच्या घरी शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर अंताल्या शहर उजळलं होतं आणि ताटल्यांमधली मिसळ गार होत चालली होती.

फोटो दाखवत होते बाबा, म्हणजे नचिकेतच्या बायकोचे, चिन्मयीचे वडील. गणिताचे मास्तर म्हणून पुण्यात निवृत्त झालेले विश्रामराव हल्ली कानात यंत्र घालत, तरीही घरातलं निम्मं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नसे. जानेवारीत ते लेक-जावयाबरोबर तुर्कस्तानला जाऊन आले होते.

"हा हेड्रियनचा दरवाजा," बाबा म्हणाले. "कमानी राहू द्या, खाली बघा. दगडात चर दिसतात ना? गाड्यांच्या चाकांनी पडलेत. नुसत्या येण्याजाण्यानं दगड झिजला!"

दोन घरं सोडून राहणारे यतिन आणि सरिता बघतच राहिले. यतिन एरवी मिनिटभरही गप्प बसत नसे. मग पेर्गे हे जुनं शहर आलं. तिथे भर रस्त्यातून पाण्याचा पाट काढलेला, आणि त्याचा उतार इतका बेताचा की पाणी धावू नये आणि साचूही नये. मग सिदेला समुद्राच्या काठावर अपोलोच्या देवळाचे उरलेले खांब.

"काका, अंगावर काटा आला," यतिन म्हणाला.

"आता ॲस्पेंडॉसचं नाट्यगृह. जवळजवळ एकोणीसशे वर्षांचं. खाली कुजबुजलं तरी वर ऐकू येतं म्हणतात. हा व्हिडिओ आहे हं, मी सगळ्यात वरच्या पायरीवरून घेतलेला."

नचिकेतच्या हातातला पाव तिथेच थांबला.

त्या सकाळी नाट्यगृहात दुसरं कुणी नव्हतं. रंगमंचावरचं बोलणं वरपर्यंत पोचतं म्हणतात, ते तपासायला त्याने बाबांना वर पाठवलं होतं. बाबा अजून निम्म्या पायऱ्यांवर असतील, आणि तसंही कुजबूज एवढ्या लांब जाणं शक्य नाही, असा सिव्हिल इंजिनिअरचा हिशेब करून तो चिन्मयीच्या कानाशी लागला होता. "यतिनकडे चावी दिलीय खरी, पण झाडं वाळवून ठेवणार तो. नुसती बडबड! परत गेल्यावर दोन महिने तरी त्याला बोलवायचं नाही."

"नाहीच बोलवायचं," चिन्मयी म्हणाली होती.

प्रत्यक्षात यतिनने रोज झाडांना पाणी घातलं होतं. इकडच्या जानेवारीतल्या उन्हाळ्यात उष्णतेची लाट आली तेव्हा कढीपत्त्याला जुन्या चादरीची सावली केली होती. आजच्या मिसळीतला कढीपत्ता त्याच झाडाचा होता.

"वायफाय गेलं वाटतं," नचिकेत रिमोटची बटणं दाबत म्हणाला.

"नो वरीज, मेट. वायर आहे माझ्याकडे," यतिन म्हणाला आणि त्याने बाबांचा फोन थेट टीव्हीला जोडला.

"टीव्हीचा आवाज पण बारीक आहे रे. काही कळणार नाही."

"कुजबूज आहे ना? मग आवाज नीटच हवा!" असं म्हणून यतिन घरी पळाला आणि चांगला हातभर लांब साउंडबार घेऊन आला.

चिन्मयीला एव्हाना सगळं आठवलं होतं. तिने स्वयंपाकघरात जाऊन रिकामा मिक्सर लावला.

"वहिनी, मिक्सर बंद!" यतिन ओरडला. "सरिता, तो एसी पण बंद कर. आता कुणी हलायचं नाही."

पडद्यावर दगडी पायऱ्यांचा प्रचंड अर्धगोल उलगडला. तळाशी मुंगीएवढा नचिकेत मुंगीएवढ्या चिन्मयीकडे झुकला. नचिकेतने डोळे मिटले.

"एकोणतीस एके एकोणतीस," साउंडबारमधून बाबांचा आवाज घुमला. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..."

दहापर्यंत पाढा झाला आणि व्हिडिओ संपला.

"काय क्लिअर आवाज!" यतिन थक्क होऊन म्हणाला. "ना माइक, ना स्पीकर! मानलं त्या लोकांना."

"अरे, फोन काकांच्याच हातात होता," सरिता म्हणाली. "तोंडापासून वीतभर!"

सगळे पोट धरून हसले. सगळ्यात मोठ्याने नचिकेत हसला, आणि यतिनला त्याने पुढच्या शनिवारचंही आमंत्रण देऊन टाकलं.

मंडळी गेल्यावर तो बाबांशेजारी येऊन बसला. "बाबा, तुम्हाला वर ऐकू आलं होतं?"

"शब्दन् शब्द." बाबा पडद्यावर थांबलेल्या त्या पायऱ्यांकडे बघत होते. "नचिकेतराव, कुणाची कुजबूज ऐकून मला किती वर्षं झाली होती! आधी वाटलं, भास झाला. मग वाटलं, आता ऐकतच राहावं. पण व्हिडिओ सुरू करतोय तोच तुम्ही त्या बिचाऱ्या यतिनवर घसरलात, मग फोन तोंडाशी धरून पाढा म्हणावा लागला."

नचिकेतचा हिशेब चुकला होता, आणि चुकला म्हणून त्याला पहिल्यांदाच बरं वाटत होतं.

"बाबा, भांडी पुसायला येता का?" स्वयंपाकघरातून चिन्मयीची हाक आली.

बाबा जागचे हलले नाहीत.

"बाबा, चिन्मयी बोलावतेय," नचिकेत म्हणाला.

"बोलावत असेल हो," बाबा पाय पसरत म्हणाले, "पण हे काही ॲस्पेंडॉस नाही."