बारा नंबरची चड्डी

कबड्डीतला आजवरचा सर्वांत मोठा चढाईपटू कोण, हे भानुकाका चड्डीवरून ठरवत. चड्डी आणून दाखवल्याशिवाय ते कुणाचं नावही ऐकून घेत नसत.

शेवगावात मार्केट यार्डाच्या तोंडाशी त्यांचं शिंप्याचं दुकान होतं आणि समोरच्या पतसंस्थेत मी कारकून होतो. नव्वद साल उलटून गेलं होतं, तयार कपडे गल्लोगल्ली मिळू लागले होते, तरी आसपासच्या संघांच्या चड्ड्या शिवायला आणि फाटल्या की दुरुस्तीला काकांकडेच येत. या दुरुस्तीवर त्यांचं सगळं शास्त्र उभं होतं.

"मांडीवर उसवली, म्हंजी परतताना मध्यरेषेपाशी धरला. कमरंला उसवली, म्हंजी मागून वढला. आन् बुडाला फाटली तर भाऊसाहेब, त्यो खेळाडूच न्हाई, त्यो नुसता धपकन बसतो!"

एकदा मिरजगावचा एक पोरगा दुकानात येऊन वाद घालू लागला. आमच्या रेडरपुढे जुने सगळे पाणी भरतील, असं त्याचं म्हणणं. काकांनी कात्री खाली ठेवली.

"कापड कंचं?"

"नायलॉन."

"मंग तुलना कशी करतो? जुने खेळले मांजरपाटावर. त्ये फाडायला चौघं लागायची. तुझं नायलॉन शिंकलं तरी उसवतं. काळ बदलला की कापडाचा फरक धरावा लागतो. जा, चड्डी आन."

पोरगा खरंच चड्डी घेऊन आला. काकांनी ती उलटीसुलटी करून उजेडात धरली आणि त्याच्या रेडरला तिसरा नंबर दिला. पोरगा खूश होऊन गेला.

पहिला नंबर मात्र कायम देवळालीच्या पोपटचा. बनियन नंबर बारा. तीसेक वर्षांपूर्वी देवळालीच्या संघाच्या चड्ड्या काकांनी शिवल्या होत्या. "दर हंगामाला बाकीच्यांच्या चिंध्या होऊन आल्या. बारा नंबरची येकदाबी न्हाई. त्याला हात लावनारा जिल्ह्यात जल्मला न्हाई!"

त्याला खेळताना तुम्ही पाहिलंय का, असं मी विचारलं की काका मशीन जोरात चालवू लागत. स्वतः ते एकही सामना बघायला जात नसत. "मैदानावर गोंधळ लई. काय दिसत न्हाई," म्हणत.

इतक्या ठामपणे सांगितलेली गोष्ट लोकांना खरी वाटतेच. एका वर्षी शेवगावच्या स्पर्धेत या पोपटरावांचाच सत्कार करायचं ठरलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी आम्ही चहा पीत असताना एक ढेरपोटे, धोतरवाले गृहस्थ दुकानाची पायरी चढले.

"भानुदास टेलर तुमीच ना? मी देवळालीचा पोपट. तेवढं माझं नाव मागं घ्या."

काकांनी कपबशी खाली ठेवली.

"उद्या हार घालनार हायेत. नातवंडं येनार बघायला." त्यांनी आवाज खाली आणला. "मी राखीव हुतो वो. चार वरसं कडंला बसलो. येकदाबी आत घेतलं न्हाई. चड्डी फाटंल कशी?"

मला हसू आवरेना. चड्डीशास्त्राचा निकाल लागला होता. पण काका जराही ओशाळले नाहीत.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "न खेळताबी चड्डी शाबूत राहती, येवढं कळंना व्हय मला? मीबी राखीवच हुतो, इथल्या संघात. आतल्यांची फाटली की कडंला बसून टाका घालायचो. हात बसला, शिंपी झालो. पर लई वाटायचं, येकदा तरी माजी फाटावी."

मग त्यांनी गळ्यातली टेप काढली. "उभे ऱ्हावा. माप घेतो."

दुसऱ्या दिवशी सत्काराला पोपटराव नव्या मांजरपाटी चड्डीत उभे राहिले. माईकवर त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. लोक पोट धरून हसले. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "हार नको. येक चढाई द्या."

कबड्डी कबड्डी करत ते आत गेले. पोरं आपली आदबीनं मागे सरकत होती. तेवढ्यात कडेवरून काका ओरडले, "आरं धरा त्येला! नुसतं बघताय काय? धरा!" काका मैदानावर आले होते, हे मला तेव्हाच कळलं.

पोपटराव एकाला शिवून वळले आणि मग पाच जण त्यांच्यावर पडले. त्यांचा हात मध्यरेषेला टेकायला वीतभर कमी पडला. ते उठले तेव्हा चड्डी मांडीवर टराटरा उसवली होती आणि तोंडभर हसू होतं.

काकांच्या टोपीत सुईदोरा होताच. त्यांनी पोपटरावांना कडेला बसवलं आणि अंगावरच टाके घालायला घेतले.

"गेला की माजा पयला नंबर," पोपटराव म्हणाले.

"गेला," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आता फकस्त तुमची ऱ्हायली."

काकांचा टाका वाकडा गेला. इतक्या वर्षांत त्यांचा वाकडा गेलेला टाका मी पहिल्यांदाच पाहिला.