पगारी ना?

वसंतअण्णा नव्या माणसाला नाव विचारत नाहीत, रजा विचारतात. "वर्षाला किती मिळते? पगारी ना?" गॅसवाल्याला विचारतात, वॉचमनला विचारतात. आमच्या बसवनगुडीतला एक रिक्षावाला त्यांना कामगार खात्याचे साहेब समजला आणि भाडं न घेताच पळाला.

सहा वर्षं मी त्यांच्याकडे स्वयंपाक करते. ते सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. वहिनी गेल्यापासून एकटेच असतात. फ्रिजच्या दारावर त्यांचा तक्ता आहे. अमेरिका: कायद्याने शून्य. जपान: सुरुवातीला दहा दिवस. फ्रान्स: पाच आठवडे. फ्रान्सखाली दोन रेघा. मी पोळ्या लाटते, ते वाचून दाखवतात. "अक्का, जपानी माणूस मिळालेली रजासुद्धा पुरती घेत नाही. घाबरतो!"

मी हसायची आणि तक्ता खालपर्यंत वाचायची. या घराची रजा तक्त्यात नव्हती.

हुबळीला माझ्या मुलीचे दिवस भरत आले होते. आधीच्या घरी मी चार दिवस मागून गेले होते. परत आले तर ओट्याशी दुसरीच बाई उभी. त्यामुळे आता रोज विचारायचं ठरवायची, रोज तोंड उघडायचं नाही, आणि रोज एक पोळी करपायची.

आठव्या दिवशी अण्णांनीच विचारलं, "अक्का, पोळ्यांना काय झालंय?"

मी तव्याकडेच बघत सांगून टाकलं, "मुलीचं बाळंतपण आहे. आठ दिवस..."

"आठ?" ते ओरडले. माझ्या हातातलं लाटणं पडलं. "जपानी आहात का? पाच आठवडे जा! पगारी!"

मी लाटणं उचलत होते, तेवढ्यात फ्रान्समधून त्यांच्या मुलाचा फोन आला. अण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर असतो.

"बाबा, याही वर्षी जमत नाही. इथं सुट्टीच मिळत नाही हो."

मला वाटलं, आता त्याची काही धडगत नाही. अण्णांनी तक्त्याकडे पाहिलं, मग तक्त्याकडे पाठ केली.

"हो रे," ते म्हणाले, "तिकडे रजेची फार पंचाईत. तू तब्येत सांभाळ."

दुसऱ्या दिवशी तक्त्यात नवी ओळ होती. हे घर: पाच आठवडे.

"मी तीन आठवड्यांतच येते, अण्णा."

"छे! नियम म्हणजे नियम."

मी चपला घातल्या. ते दाराची कडी धरून उभे होते. आठ दिवस मी रजा मागायला घाबरत होते, तसंच घाबरत त्यांनी विचारलं, "पण परत याल ना, अक्का?"