ढोलीची साफसफाई

कीटकतज्ज्ञ डॉ. पिम तपासणीला येणार म्हणून क्लेमंट ऑकलींनी सकाळीच चर्चमागच्या अ‍ॅशच्या म्हाताऱ्या झाडाची ढोली खरवडून लख्ख केली. आतला कुजका काळा भुसा घरी नेऊन गुलाबांना घातला. बाहेरच्या बाई येणार, गावाची शोभा नको व्हायला.

ऑकली झाड बचाव समितीचे अध्यक्ष. फांदी आपल्या छपरावर पडेल म्हणून झाडाशेजारच्या रेज टफलीला ते झाड तोडायचं होतं. ऑकलींनी त्याला एका किड्याच्या जोरावर अडवलं होतं. जांभळा टिचकी भुंगेरा. देशात मोजक्याच झाडांत उरलेला. उताणा पडला की टिचकी वाजवल्यासारखा आवाज करत उडी मारून सरळ होणारा. ऑकलींनी तो कधी पाहिला नव्हता, भाषणं मात्र पुष्कळ केली होती.

डॉ. पिम आल्या. बाईंनी ढोलीत हात घातला आणि तसाच ठेवला.

"इथला भुसा कुठे गेला? अळ्या त्यातच वाढतात."

ऑकलींनी हात पाठीमागे नेले. "कुणीतरी नेला असावा."

बाईंची नजर कुंपणापलीकडे उभ्या टफलीकडे गेली. "हा गुन्हा आहे. पोलिसांना कळवावं लागेल."

"मी हातही लावलेला नाही," टफली म्हणाला. "पण माझं कोण ऐकणार? क्लेमंट, तू तरी सांग. मी तोंडावर भांडतो, पण चोरून कधी काही केलंय का?"

ऑकलींचे कान तापले. मान वर करवेना.

"मीच काढला," ते पुटपुटले. "घाण वाटली म्हणून. गुलाबांखाली आहे."

"पोलिसांचं राहू दे, आधी अळ्या वाचवू," म्हणत बाईंनी पिशवीतून चमचे काढले.

मग तिघं ऑकलींच्या बागेत गुलाबांखाली गुडघे टेकून, ढोलीत परत घालायला चमच्यांनी भुसा गोळा करू लागले. बादली न मागता टफलीने आणली.

"अळ्या कुठे राहतात हे तुझ्या भाषणात नव्हतं का रे?"

"तेवढं वाचायचं राहिलं."

इतक्यात टफलीच्या तळहातावर जांभळट निळसर झाक असलेला काळा किडा उताणा पडला. टिक्. किडा उडून सरळ झाला. टफली श्वास रोखून बघत राहिला.

"पुन्हा कर की रे," तो हळूच किड्याला म्हणाला.

समितीच्या पुढच्या बैठकीत ऑकलींनी राजीनामा दिला आणि टफली एकमताने अध्यक्ष झाला. फांदीला टेकू त्याने स्वतः लावला.

"मला साधा सदस्य तरी ठेवशील?" ऑकलींनी विचारलं.

"ठेवतो की. पण झाडाजवळ आलास तर हात खिशात."

तेव्हापासून ऑकली त्या वाटेने जाताना हात खिशात घालतात. कुणी बघत नसलं तरी.