देवपूरच्या भिंतीवरची बाई

भिंतीवर टांगलेल्या माणसाला नाव लागतंच. जितं माणूस बिननावाचं फिरलं तर चालतं, टांगलेलं चालत नाही. सन छत्तीसला धुळ्यात, देवपुरात, एका हौशी वकिलाने छापील चित्रांचं संग्रहालय काढलं, तेव्हा ही शिस्त कडक पाळली. चित्रं बेचाळीस. साहेब एकवीस, संस्थानिक बारा, घोडे आठ. (घोड्यांच्या पाट्यांवर बापाचंही नाव होतं.) उरली एक बाई. दगडावरून छापलेली, डोक्यावर टोपली, डोळ्यांत राग. खाली लिहिलं होतं, 'अनोळखी स्त्री'.

ती म्हणजे बोदवडच्या निंबाची बायको. तरुणपणी ती स्टेशनावर पेरू विकायची, तेव्हा एका चित्रकाराने तिला कागदावर उतरवलं होतं, आणि पेरू फुकट खाल्ले होते. राग त्याचाच. हे तिने गावात सांगितलं तर साऱ्या बाया हसल्या. सासू तर मरेपर्यंत हसली. मग ते चित्र धुळ्यात टांगलंय असं कानावर आलं. आता त्याखाली नाव लागलं की साऱ्यांची तोंडं बंद होणार, म्हणून ती नवऱ्याला घेऊन धुळ्याला आली.

"हाई मीच शे, भाऊ," ती कारकुनाला म्हणाली. "मनं नाव लिखा."

तिने नाव सांगितलं. कारकुनाने शांतपणे ऐकून घेतलं.

"हे अर्धंच झालं, अक्का. मालकांचं?"

झाली पंचाईत. नवऱ्याचं नाव तिने लग्नापासून तोंडातून काढलं नव्हतं. निंबा शेजारीच उभा होता, पण माहिती चित्रातल्या व्यक्तीनेच द्यावी असा नियम. संग्रहालयाची समिती बसली. चहा झाला. उखाणा ग्राह्य धरावा, असं ठरलं.

"सांगी टाक ना वं," निंबा लाजत म्हणाला.

"पांझरेच्या काठाला काकडीचा मळा, निंबारावांचं नाव घेते, आता सोडा माझा गळा!"

समितीने टाळ्या वाजवल्या. बापाचं नाव आणि आडनाव निंबाने पुरवलं, आणि लगेच पाटी लागली: 'श्री. निंबा सुकदेव पाटील, बोदवड, यांचे कुटुंब.'

तिने ती एकाकडून वाचून घेतली.

"यामा मनं नाव कोठे शे?"

"त्यातच आलं की, अक्का. जागा कमी पडली."

निंबा फेटा सारखा करून चित्राशेजारी उभा राहिला. लोक त्याला रामराम घालू लागले. गावातही आता कोणी हसत नाही. निंबाचं नाव धुळ्याला लागलं म्हणतात.

त्या कारकुनाला तुम्ही मनात शिव्या देत असाल. द्या खुशाल. पण निंबा तुम्हाला पाठ झाला, त्याचा बापसुद्धा झाला. बाईने आपलं नाव सांगितलं, तेव्हा 'काय?' म्हणून विचारलंत का?